मुहूर्ताची गासडी

नारळ फुटला, गुलाल उडाला आणि मोठ्या शेठांनी मला खूण केली. दिवाळी पाडव्याची सकाळ होती. मी पट्टा चढवला. रेचे फिरले, वरचा नवा फीडर फिरला, थोडा वेळ कापूस नीट खाली आला. मग फीडरच्या तोंडाशी त्याचा गोळा झाला आणि तिथेच बसला.

हे धरणगावचं, सत्तर सालच्या आगेमागेचं. तिथल्या एका जिनात मी मिस्तरी होतो. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. ती ज्या यंत्रात निघते तो रेचा. रेच्यात चामड्याचे रूळ फिरतात, पाती असतात, रुई एकीकडे पडते आणि सरकी खाली. प्रत्येक रेच्यामागे ओट्यावर एक बाई उभी राहायची आणि हाताने कापूस भरायची. त्या बायांतली एक माझी बायको, द्वारका.

धाकटे शेठ मुंबईला शिकून आले होते. त्यांनी वडिलांना सांगितलं, सगळं एकदम बदलू नका, तीन हंगामांत बदलू. पहिल्या वर्षी वाफेचं इंजिन काढून विजेची मोटर. दुसऱ्या वर्षी जुने एकेरी रेचे काढून दुहेरी. तिसऱ्या वर्षी फीडर, म्हणजे रेच्यात आपोआप कापूस सोडणारं यंत्र. मग बायांची गरज संपली. झाडलोटीपुरत्या दोघी-तिघी राहणार होत्या. बेत चांगला होता, मी आजही म्हणेन. एक वस्तू बदलायची, ती अंगवळणी पडली की दुसरी. मोटर बसली, रेचे बसले, कुठे अडलं नाही.

फीडरचं मी घरी सांगितलं तेव्हा द्वारका कापसाची बोंडं निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्हनं काम शे, करा," म्हणाली. "बठ्ठ्या बायास्नं जे होई, ते मन्हं होई."

सगळ्या बायांचं होईल तेच आपलं, एवढाच तिचा हिशेब.

आता शेठांच्या घरचा नियम सांगतो. घराणं राजस्थानातून आलेलं, पण जीन इथे दोन पिढ्या चाललेला. नव्या यंत्राला पहिला कापूस मुहूर्तालाच द्यायचा. त्याआधी दिला तर यंत्र उष्टं झालं. रिकामं फिरवा, हरकत नाही. आणि मुहूर्ताला एकदा सुरू केलं की पहिली गासडी, म्हणजे प्रेसमध्ये दाबलेला रुईचा गठ्ठा, बांधून होईपर्यंत थांबवायचं नाही. मध्ये थांबलं तर हंगाम बुडतो. मोटर रिकामी फिरवून कळते. रेचासुद्धा बराचसा कळतो. फीडर रिकामा फिरवला तर फक्त त्याचा आवाज कळतो.

धाकट्या शेठांनी वडिलांना दोन बैलगाड्या कापूस मागितला, चाचणीपुरता. मी शेजारीच उभा होतो.

"धुळ्याला चालताना बघून आलात ना तुम्ही दोघं?" मोठे शेठ म्हणाले.

"हो बापूजी."

"मग तिथे चालतं ते इथे चालेल. देवाच्या आधी मी जेवत नाही, माझं यंत्रही जेवणार नाही."

धुळ्याला आम्ही पौषात गेलो होतो. तेव्हा कापूस वाळून खडखडीत झालेला असतो. पाडव्याला येतो तो पहिल्या वेचणीचा, दव प्यालेला. तो चिकटून गोळा होतो. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. चाचणी झाली असती तर आलं असतं.

तर कापूस अडला. रेचे रिकामे फिरायला लागले. प्रेसवाला गासडी अर्धी भरून उभा. मी पट्टा काढू का म्हणून विचारलं. मोठ्या शेठांनी नुसता हात वर केला. धाकटे शेठ म्हणाले, बापूजी, पाच मिनिटं थांबवू. शेठ म्हणाले, बायांना बोलवा, हाताने ढकलतील.

बाया पूजेला आलेल्याच होत्या, नवी लुगडी नेसून. पण ओटे आम्ही फोडून टाकले होते. तिथे आता फीडरचे पाय होते, आणि रेच्याच्या तोंडावरची जाळी फीडर बसवायला काढलेली. कुणीतरी फळी लावली. द्वारका सगळ्यांत चपळ, ती पहिली चढली. माझ्याकडे बघून हसली.

"देखा, अजून आम्हीच लागतस," म्हणाली.

तिने गोळ्याला जोर लावला. तो एकदम सुटला आणि त्याच्यामागे तिचा हात गेला.

मी पट्टा लूज पुलीवर ढकलला. लूज पुली म्हणजे पट्टा जिच्यावर नुसता फिरतो, यंत्र ओढत नाही. रेचा थांबला. तोवर उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. रुई लाल झाली होती. आरतीचं तबक घेतलेली बाई ते खाली ठेवायचं विसरून तशीच उभी होती.

मोठे शेठ म्हणाले, "मुहूर्त मोडला, मिस्तरी."

मी उपरणं तिच्या हाताला गुंडाळत होतो. धाकट्या शेठांनी आपल्या जीपमध्ये घालून तिला जळगावच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती एकच विचारत होती, भाकरी कशी थापू.

हंगाम बुडाला नाही. चांगला गेला. आठवडाभरात आम्ही फीडरचं तोंड रुंद केलं, कापूस उन्हात पसरून घेतला, आणि फीडर चालला तो पुढे वर्षानुवर्षं. बाया गेल्या. द्वारकाला झाडलोटीला ठेवतो म्हणाले. ती गेली नाही.

दोन वर्षांनी प्रेस नवा आला. तेव्हा मोठ्या शेठांनीच मला बाजूला घेतलं आणि हळू म्हणाले, आधी दोन-चार गासड्या बांधून बघा, मग गंगाजल शिंपडू, मुहूर्ताला पुन्हा पहिल्यांदा चालवल्यासारखं चालवू. एवढं सोपं होतं ते.

द्वारकाची भाकरी एका कडेला जाड राहायची. मी ती आयुष्यभर खाल्ली. मागच्या उन्हाळ्यात द्वारका गेली. आता सून करते, तिची भाकरी सगळीकडून सारखी. पहिला घास घ्यायला मला वेळ लागतो.

परवा जळगावहून पुतण्या आला. डाळ मिलमध्ये नवं यंत्र बसवलंय, नारळ तुमच्या हातून फोडायचाय नाना, म्हणाला. मी विचारलं, तूर घालून बघितली का? तो म्हणाला, मुहूर्ताआधी कशी घालणार.

मी म्हटलं, दोन पोती आधी यंत्रातून काढ, आणि अडलं तर यंत्र कोण बंद करणार त्याचं नाव ठरव. नारळ त्यानंतर फोडतो.