शेवटचा रकाना कोरा असलेली यादी

खिल्लारे सर वारल्याचं सुमन सिस्टरनी दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा मी सरांवरच चिडून बसले होते. सोमवारची सकाळ होती, अकरा वाजत आले होते आणि माझ्यासमोर त्यांनीच लिहिलेली एक क्वेरी, म्हणजे संगणकाकडून माहिती मागवायचा मजकूर, उघडी होती. एका यादीसाठी माहितीची सात टेबलं एकाला एक जोडलेली, आणि कुठलं कशासाठी जोडलंय याचा पत्ता नाही. मी त्यांना फोनवर संदेश टाकला होता, "सर, हे काय लिहून ठेवलंय? आल्या आल्या माझ्याकडे या." त्याच्यापुढे एकच टिक आली होती, दुसरी येत नव्हती, आणि दर दोन मिनिटांनी मी ती बघून आणखी चिडत होते. सिस्टर म्हणाल्या, "पहाटं छातीत दुखायलंय म्हणले... गाडी येईपर्यंत संपलं सारं." मी त्यावर काय बोलले ते आठवत नाही. मनात पहिल्यांदा आलं ते मात्र पक्कं आठवतं. आता ही क्वेरी मला कोण समजावून सांगणार? लाज वाटावी असा विचार आहे, पण आला खरा.

आमचं परभणीतलं डोळ्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. गावोगावी शिबिरं घ्यायची, मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्या माणसांची नावं नोंदवायची, त्यांना आमच्या गाडीने आणून शस्त्रक्रिया करायची आणि पुढे आठवड्याने, महिन्याने तपासणीला पुन्हा आणायचं, असं काम. ही सगळी ये-जा ज्या प्रणालीवर चालते ती मधुकर खिल्लारे सरांनी उभी केली. आधी ते टायपिंगच्या क्लासमध्ये संगणक शिकवायचे, पीएचपी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा स्वतःच पुस्तकं वाचून शिकले. मी सेलूची. घरी कापसाची शेती, शिक्षण बीएस्सी, आणि डोक्यात भरपूर हवा. रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की मला फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार सांगाडा, चांगलं येतं. ते म्हणाले, "बरं झालं. मग मलाबी शिकव." हे टोमणा म्हणून नव्हतं हे कळायला मला वर्ष लागलं.

वाचकांना एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संगणकात माहिती वेगवेगळ्या वह्यांत असते असं समजा, त्या वह्यांना आम्ही टेबल म्हणतो. एका वहीत पेशंट, दुसरीत गावं, तिसरीत आमचे कर्मचारी. पेशंटच्या नावापुढे गावाचा फक्त नंबर लिहिलेला असतो. गावाचं नाव हवं असेल तर दोन वह्या शेजारी ठेवून नंबराला नंबर लावायचा. याला जॉइन म्हणतात, आणि आमच्या फ्रेमवर्कमध्ये तो क्वेरी बिल्डरने लिहितात, एकेक तुकडा साखळीसारखा जोडत. गोम अशी की साधा जॉइन लावला तर दोन्ही वह्यांत ज्याचं जुळतं तेवढाच माणूस यादीत येतो. ज्याचं जुळत नाही तो गुपचूप गळतो, संगणक तक्रारही करत नाही. लेफ्ट जॉइन लावला तर पहिल्या वहीतली सगळी माणसं येतात, आणि दुसरीत काही सापडलं नाही तर तिथे नुसती कोरी जागा राहते.

माझी पहिली फजिती वेगळीच होती. जिंतूरकडच्या शिबिराची कार्डं मी छापून दिली आणि तिथे गेल्यावर कळलं की एका गावच्या सगळ्या म्हाताऱ्यांचा पेशंट नंबर एकच आहे. पंधरा माणसं, पंधरा कार्डं, नंबर सतरा. डॉक्टर ओरडत होते, म्हातारे एकमेकांची कार्डं बघून हसत होते, आणि मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. सरांनी दिवसभर हाताने नंबर घातले. परत येताना गाडीत मी रडवेली होऊन विचारलं की नेमकं झालं काय. ते म्हणाले, "पेशंटलाबी आयडी हाय, गावालाबी आयडी हाय. तू दोघांनाबी एकाच नावानं बोलावलंस. मागून आला तो पुढच्याच्या जाग्यावर बसला. सतरा हा गावाचा नंबर." पाहिजे ते रकाने नाव घेऊन मागायचे, सगळं ओरबाडून आणायचं नाही, एवढंच त्यांनी शिकवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी तो विषय काढलाही नाही. मला मात्र त्यांनी रागावायला हवं होतं असं वाटत राहिलं.

कारण त्यांची हीच तऱ्हा मला सगळ्यात जास्त छळायची. माझ्या लिहिलेल्याला ते कधी हात लावत नसत. चूक दिसली तर खुर्ची ओढून शेजारी बसायचे, पाठकोऱ्या कागदावर दोन वह्या काढायचे आणि म्हणायचे, "आता ह्यातला कोण सुटायलाय ते बघ." दहा सेकंदांचं काम अर्धा तास चालायचं. मी वैतागून म्हणायचे, "सर, तुम्हीच बदला ना, एकच तर शब्द आहे." ते नाही म्हणायचे. स्वतःच्या क्वेऱ्या मात्र त्यांनी कधी नीटनेटक्या केल्या नाहीत. लांबलचक, वळणं घेत जाणाऱ्या, जिथे तिथे लेफ्ट जॉइन. मी त्यांना नावं ठेवायचे, आणि माझ्या क्वेऱ्या कशा आटोपशीर आहेत ते दाखवायचे.

त्यातलीच एक तपासणीच्या यादीची. शस्त्रक्रिया झालेल्यांना कधी बोलवायचं ती यादी मी नव्याने लिहिली होती. शेवटच्या रकान्यात नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव यायचं, म्हणून पेशंटच्या टेबलाला कर्मचाऱ्यांचं टेबल जोडलेलं. साध्या जॉइनने. सर म्हणाले, "इथं लेफ्ट जॉइन पाहिजे." मी भांडले. प्रत्येक पेशंटला कुणीतरी नोंदवलेलंच असतं, मग कोरं राहील कसं? ते म्हणाले, "कर्मचारी नोकरी सोडून जातात. आपण त्यांची ओळ टेबलातून काढून टाकतो." मी म्हटलं, गेल्या तीन वर्षांत कोण गेलंय? ते म्हणाले, "करून ठेव, वर्षा." मी केलं नाही. हट्ट, दुसरं काही नाही.

त्यांची माझी शेवटची निवांत भेट चुडाव्याच्या स्टेशनवर झाली. पूर्णा तालुक्यातल्या त्या गावात रविवारी शिबिर होतं. नोंदणीला सर स्वतःच बसायचे, कारण पोरं घाई करतात असं त्यांचं म्हणणं. एखादी आजी नाव सांगून गप्प बसली की ते विचारायचे, "कोणच्या आळीतल्या? लेक कुठं दिली?" आणि मागची रांग ताटकळायची. त्या दिवशी काम लांबलं, रुग्णालयाची गाडी परभणीला निघून गेली होती, आम्ही पॅसेंजरची वाट बघत बाकावर बसलो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःबद्दल काही सांगितलं. दहावीनंतर वसतिगृहाची यादी बघायला ते वडिलांबरोबर शहरात गेले होते. त्यांचं नाव नव्हतं. मार्क होते, अर्ज होता, वडिलांनी काढून आणायचा एक दाखला तेवढा नव्हता. तिथला कारकून म्हणाला, यादीत नाही म्हणजे नाही. मग एक वर्ष कापूस वेचण्यात गेलं. "बाप परतीच्या वाटंनं एक शब्द बोलला न्हाई," सर म्हणाले. "दाखला त्याचा होता ना..." जरा वेळाने, गाडीची घंटा झाल्यावर, त्यांनी विचारलं, "त्या तपासणीच्या यादीचं केलंस का?"

मी म्हटलं, "केलं, सर."

इतक्या सहज खोटं बोलले मी. ते मान हलवून उठले आणि गाडी आली तशी डब्याच्या दिशेने चालायला लागले. आठ दिवसांनी, सोमवारी, ते गेले.

जलदान विधीला मी गेले. भंते पठण करत होते, पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांच्या मागे मी बसले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला पुढे बोलावून शेजाऱ्यांना सांगितलं, "ही त्यांची वर्षा. लय नाव घ्यायचे हिचं." मला तिथून पळून जावंसं वाटलं. मधल्या काळात चुडाव्याच्या माणसांना शस्त्रक्रियेसाठी आणलं गेलं, कुणाची ना कुणाची काहीतरी नोंद अर्धवट होती, तरी एकही माणूस सुटला नाही, कारण ती बोलावण्याची यादी सरांच्या त्याच सात टेबलांच्या वेड्यावाकड्या क्वेरीतून निघत होती, जिला मी त्या सोमवारी शिव्या घातल्या होत्या. मग पहिली तारीख आली. सोडून गेलेल्यांची नावं पहिल्या तारखेला काढायची ही आमच्या ऑफिसची पद्धत. व्यवस्थापक अवघडून म्हणाले, "ताई, सरांचंही..." मी त्यांची ओळ काढली. दोन टिचक्यांचं काम. डोळे पुसले, आणि दुसऱ्या कामाला लागले. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. आपण काय लिहून ठेवलंय ते मला आठवलं नाही, हे मी स्वतःला अजून माफ करू शकलेले नाही.

पुढच्या आठवड्यात गयाबाई आल्या. चुडाव्याच्या, सत्तरीच्या पुढच्या. नातीचा हात धरून रेल्वेने आल्या होत्या, ऑपरेशन झालेला डोळा लालभडक, पाणी गळत होतं. खिडकीवर त्यांना सांगितलं गेलं की तपासणीच्या यादीत तुमचं नाव नाही. त्या म्हणाल्या, "नाव कसं न्हाई? त्या सरांनी माझ्यासमोर लिवलं की." आवाज ऐकून मी बाहेर आले. "गाडी आली न्हाई आमच्याकडं," त्या मला म्हणाल्या. "मंगळवारी येती म्हणले होते. दोन दिस वाट बघितली. सर हायत का?"

मला त्याच क्षणी कळलं. सरांनी नोंदवलेला प्रत्येक माणूस त्यांच्या ओळीबरोबर यादीतून गळाला होता. डॉक्टरांनी गयाबाईंना लगेच आत घेतलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, संसर्ग आहे, डोळा वाचेल, पण मंगळवारी आल्या असत्या तर पूर्ण दिसलं असतं. आता किती दिसेल सांगता येत नाही.

मी जाग्यावर येऊन ती फाईल उघडली. स्टेशनवर 'केलं' म्हणाले त्यानंतर मी ती उघडलीच नव्हती. माझ्या जॉइनच्या बरोबर वर एक ओळ होती, माझी नसलेली. दोन तिरक्या रेघा देऊन, प्रोग्रॅममध्ये माणसांसाठी टीप लिहितात तशी.

"इथं लेफ्ट जॉइन लागतो. वर्षा करणार आहे."

फाईल शेवटची कधी बदलली ती तारीख बघितली. चुडाव्याच्या शिबिरानंतरचा बुधवार. म्हणजे त्यांनी फाईल उघडली होती, मी खोटं बोलले ते पाहिलं होतं, आणि तरीही त्या शब्दाला हात लावला नव्हता. मला इतका संताप आला, की खोलीत सर असते तर मी त्यांच्यावर ओरडले असते. एक शब्द होता, सर! तुम्हाला दिसत होतं, की-बोर्डवर हात होता, एक शब्द बदलायला काय झालं होतं? माझ्यावर भरवसा ठेवायला एवढी माणसं पणाला लावायची? हा राग आजही तसाच आहे. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर राग जास्त आहे, आणि त्यातला किती त्यांच्यावर आणि किती माझ्यावर हे मला वेगळं काढता येत नाही.

मी शब्द बदलला. यादी पुन्हा काढली. तीसेक नावं वाढली, सगळ्यांपुढे शेवटचा रकाना कोरा. सुमन सिस्टर आणि मी संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन केले, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दोन खेपा करून आली. बाकीच्यांचे डोळे ठीक होते. आमचं नशीब म्हणायचं, हुशारी काही नव्हती त्यात. व्यवस्थापकांना ते कोरे रकाने बरे दिसेनात. ते म्हणाले, "तिथं कुणाचं तरी नाव टाका." मी नाही म्हटलं. सिस्टर आता यादी हातात आली की बोटाने कोऱ्या जागा मोजतात आणि वॉर्डात सांगतात, "हे सरांचे पेशंट, ह्यांना आधी घ्या."

गयाबाईंना त्या डोळ्याने अर्धवट दिसतं. माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. गेल्या महिन्यात त्या आल्या तेव्हा मी त्यांना बाजूला बसवून सगळं सांगितलं. वह्यांचं, जॉइनचं नाही... एवढंच की तुमचं नाव माझ्या चुकीने गेलं होतं, सरांनी मला बजावलं होतं, आणि केलं असं मी त्यांना खोटं सांगितलं होतं. त्यांनी पदराने डोळा टिपला. मग म्हणाल्या, "हे त्यांला सांगायचं होतं माय. ते होते तवा." आणि दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाल्या, "बघू." त्या बघू म्हणाल्या की नाही म्हणाल्या, हे मला अजून कळलेलं नाही.

काम झालं की तशी टीप काढून टाकायची असते, नाहीतर फाईलमध्ये अडगळ होते. सरांची ती ओळ मी काढलेली नाही. यादी तिच्याशिवायही निघते. संगणक अशा ओळी वाचत नाही, वगळून पुढे जातो. ती एका माणसासाठी लिहिलेली होती. ती लिहिल्यानंतर सर पाच दिवस जिवंत होते, आणि त्या पाच दिवसांत मी ती फाईल एकदाही उघडली नाही.