शिवलेला चोरखिसा

त्या जादूच्या क्लबला बाहेर पाटी नाही. ओळखीशिवाय आत घेत नाहीत, खुर्च्या मोजून चाळीस, आणि सगळ्या मंचाला इतक्या जवळ की पहिल्या रांगेतल्याला जादूगाराच्या नखातला मळही दिसावा. अशा ठिकाणी हातचलाखी दाखवायची म्हणजे खायचं काम नाही. आमच्या जादूगारांनी ती सव्वीस वर्षं दाखवली, आणि ज्या काळ्या कोटाच्या जिवावर दाखवली तो शिवला होता त्यांच्या बायकोनं. क्लबात त्यांना सगळे वहिनी म्हणत. कोटाला चौदा चोरखिसे. आजवर एकाही पाहुण्याला त्यातला एकही दिसला नाही, म्हणजे बाईंचा हात काय होता ते समजा.

पण वर्षभरात नवऱ्याचं डोकं दगा द्यायला लागलं. आधी चष्मा, मग शेजाऱ्याचं नाव, मग एकदा स्वतःच्याच घराचा जिना. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. वहिनींनी क्लबात अवाक्षर काढलं नाही. शनिवारचा खेळ गेला तर हा माणूस खुर्चीत बसून राहील आणि चार महिन्यांत संपेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यातच सेक्रेटरीसाहेबांनी बजावलं होतं: बोलण्यात दोनदा गोंधळ झाला, आता आणखी एक चूक झाली की शनिवार दुसऱ्याला.

मग वहिनींनी शहाणपणा केला. चौदा खिसे कुठे लक्षात ठेवणार बिचारे, म्हणून नऊ शिवून टाकले आणि पाच ठेवले, तेही सगळे उजवीकडे. शुक्रवारी नवऱ्याच्या अंगावर कोट चढवून एकेक खिसा दाखवला. ते म्हणाले, बरं केलंस. सकाळी त्यातलं काही त्यांच्या ध्यानात नव्हतं, पण वहिनींना वाटलं, पाचच तर आहेत, सापडतील हाताला.

संध्याकाळी खेळ रंगला. वहिनी पडद्याच्या फटीला डोळा लावून उभ्या होत्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंची अंगठी जादूगारांनी मागून घेतली. ती गायब करायची, म्हणजे डाव्या काखेखालच्या चोरखिशात सारायची. हात बरोबर तिथं गेला. सव्वीस वर्षं जिथं जात होता तिथंच, तसूभर इकडे ना तिकडे. अरे देवा, डोकं विसरलं होतं, हात कुठे विसरले होते! बोटं बंद शिवणीवर चाचपडली, थांबली, पुन्हा चाचपडली. खेळ चालू असताना पडद्यामागच्यानं पुढे यायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही, हा तिथला नियम. आणि गेल्या असत्या तरी काय, दातांनी उसवणार होत्या? अंगठी मंचावर पडली आणि घरंगळत त्या बाईंच्याच पायाशी गेली. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

खेळ आटोपल्यावर सेक्रेटरीसाहेब आत आले. माणूस वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाले की आता हातही थकले, थांबलेलं बरं. जादूगार आपल्या बोटांकडे बघत बसले होते. वहिनींना ते बघवेना.

"हातांची चूक नाही," त्या म्हणाल्या. "खिसा मी शिवून टाकला होता."

"चांगला खिसा का शिवलात, वहिनी?"

आता काय सांगणार? खरं सांगावं तर दुखणं उघडं पडून शनिवार जातो, न सांगावं तर हातांवर आळ येऊन शनिवार जातोच. इकडे आड, तिकडे विहीर. वहिनींनी आशेनं नवऱ्याकडे पाहिलं. तेही त्यांच्याकडेच बघत होते, अगदी निरागसपणे.

"हो गं," त्यांनी विचारलं, "का शिवलास?"

"फाटला होता," वहिनी म्हणाल्या. "घाईत शिवला. सांगायचं राहिलं."

सेक्रेटरीसाहेबांना हायसं वाटलं. मग शनिवार तुमचाच, म्हणाले. फक्त इतक्या नाजूक कामाला घरची शिवण नको. यापुढे कोट क्लबच्या शिंप्याकडे, आणि पडद्यामागेही क्लबचाच कुणी उभा राहील.

"बरोबर आहे तुमचं," जादूगार म्हणाले, आणि कोट उतरवून सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिला.