एकाच पेटीतली कुलपं

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तेव्हा आमच्या अख्ख्या दुसऱ्या मजल्यावर मिळून एक कुलूप नव्हतं. बाहेर जायचं तर दाराला कडी घालायची आणि शेजारणीला "जरा लक्ष ठेव" म्हणायचं, झाला बंदोबस्त. गणपतीला गावी जाणारी माणसंसुद्धा कडी लावूनच जायची. कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यावर संशय घेणं, आणि असा संशय घेणारीच्या घरी हळदीकुंकवाला कोण जाणार?

पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि चाळी रिकाम्या व्हायला लागल्या. सभा म्हटली की बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळी मैदानाकडे. माझ्या तर अंगातच यायचं. खालून घोषणा ऐकू आल्या की हातातलं काम टाकून मी जिन्यात! चाळी ओस पडतात हे चोरांनाही कळलं. एका सभेच्या दिवशी शेजारच्या चाळीतली तांब्यापितळेची भांडी गेली आणि आमच्या कठड्यावर वाळत घातलेली दोन लुगडी गेली. त्यातलं एक माझं होतं, माहेरचं हिरवं.

मी अशी काही तणतणले की चोर जिन्यात असता तर लुगडं टाकून पळाला असता. दुसऱ्याच दिवशी मजल्यावरच्या बायकांना मी गॅलरीत जमवलं. मी तेव्हा जेमतेम वीस-बाविशीची, पण तोंड चांगलं चाळिशीतल्या बाईचं आहे असं सासरी सगळेच म्हणत. "कुलपं घ्यायचीच," मी म्हटलं. त्यावर एकीने शंका काढली, ज्याच्या दाराला भारी कुलूप त्याच्या घरात माल जास्त, हे चोराला बाहेरूनच समजेल. खरंच की! दुसरी म्हणाली, शिवाय माझं मोठं की तुझं मोठं अशी आपसांत चढाओढ लागेल ती वेगळीच. मग तोडगा मीच काढला. सगळ्यांची कुलपं एकसारखी घ्यायची. आकार तोच, रंग तोच, तसूभरही फरक नको.

आम्ही पाचजणी दुकानात गेलो. दुकानदार बिचारा नाना तऱ्हेची कुलपं पुढे करत होता, ती मी सगळी बाजूला सारली. "शेठ, एकसारखी म्हणजे एकसारखी. एकाच पेटीतली द्या."

"सगळी एकाच पेटीतली?" त्याने दोनदा विचारलं.

"सगळी!"

त्याने पेटी फोडली आणि आम्ही गड जिंकल्यासारख्या चाळीत परतलो. संध्याकाळी ओळीने सगळ्या दारांवर पिवळीधमक कुलपं चमकली तेव्हा मला कोण अभिमान वाटला! कुरकुरली ती फक्त माझी मालवणी शेजारीण. "कडीक काय झाला हुता?" असं पुटपुटत तिने किल्ली कंबरेला खोचली.

आमचे हे गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते आणि त्या महिन्यात त्यांची रातपाळी चालू होती. सकाळी येऊन जेवायचे आणि आडवे व्हायचे, ते संध्याकाळच्या चहालाच उठायचे. मध्ये उशाशी ताशे वाजवले तरी जाग येत नसे. अशी खोली म्हणजे चोराला आयतं आमंत्रण, दार लोटलेलं आणि माणूस ढाराढूर. म्हणून रातपाळीवाल्यांच्या बायका आम्ही बाहेर पडताना नवऱ्याला आत झोपलेलं ठेवून बाहेरून कुलूप लावायला लागलो होतो. यात काही चुकतंय असं आमच्यातल्या एकीलाही वाटलं नाही. उलट झोपमोड होत नाही म्हणून नवरेही खूश होते.

त्या दिवशी दुपारी आमच्या भागातून बायकांचा मोर्चा निघणार होता. मी सकाळी गोधडी धुतली होती. एरवी ती कठड्यावर गेली असती, पण लुगडं गेल्यापासून मी बाहेर चिंधीसुद्धा वाळत घालत नव्हते. गोधडी खोलीतच दोरीवर टाकली, आणि लवकर वाळावी म्हणून नेमकी शेगडीच्या वर. शेगडीत राखेखाली थोडे निखारे होते. तेवढ्यात खाली हलगी कडाडली. मी यांच्याकडे पाहिलं. छान घोरत होते. उठवलं तर कुठे निघालीस, कधी येशील हे सगळं सांगत बसावं लागलं असतं. मी चवड्यांवर बाहेर आले, कुलूप घातलं, पदराच्या टोकाला किल्ली बांधली आणि धावले.

काय तो मोर्चा होता! रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती लुगडी. खिडक्याखिडक्यांतून माणसं टाळ्या वाजवत होती. पुढची बाई ओरडायची "संयुक्त महाराष्ट्र", आणि आम्ही मागून "झालाच पाहिजे!" घसा फुटेपर्यंत ओरडले मी. एका चौकात तर भान सुटलं आणि मी पदर सोडून तो झेंड्यासारखा गरगरा फिरवला. बायका हसल्या, त्यांनीही फिरवले. इतकं मोकळं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती. जिन्यातच धुराचा वास आला. चाळीत त्या वेळेला कुणाची ना कुणाची शेगडी पेटतेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. वर पोचले आणि बघते तर आमच्याच दारावरच्या जाळीतून जाड, पिवळट धूर बाहेर पडत होता. गोधडी! माझा हात पदराच्या टोकाला गेला. गाठ सुटलेली. किल्ली नव्हती.

मी दारावर धडका मारल्या. "अहो! अहो!" आतून हूं नाही की चूं नाही. उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं त्यांचं नाव मी सगळ्या मजल्यादेखत ओरडून घेतलं. कुणीतरी वरवंटा आणून दिला, तो मी कुलपावर घातला, पुन्हा घातला. चोराला भिऊन आणलेलं कुलूप, ते मला कुठलं दाद देतंय! हाताची सालं निघाली.

तेवढ्यात शेजारणीने स्वतःच्या कंबरेची किल्ली माझ्यापुढे धरली. "अगो, ही माझी चावी लावन बघ!"

"तुझ्या चावीने माझं कुलूप कसं उघडेल?" मी तिच्यावरच खेकसले.

"तुझो घोव आत आसा आणि वाद कसले घालतस!" तिने मला ढकललं आणि किल्ली कुलपात घातली. कुलूप उघडलं.

हे आत जमिनीवर खाटेला धरून पडले होते, खोकत होते. म्हणजे जिवंत होते! आम्ही तिघीचौघींनी त्यांना ओढत गॅलरीत आणलं. बायका नळावरून हंडे, कळशा, बालद्या हातोहात पुढे देत होत्या, आणि धुमसणारी गोधडी पाच मिनिटांत चिखल होऊन पडली. सगळ्या एकदम बोलत होत्या, रडत होत्या, हसत होत्या.

मग एकीला सुचलं आणि तिने आपली किल्ली समोरच्या कुलपात घालून पाहिली. उघडलं! मग काय, सगळ्या मजल्यावर धावपळ. हिच्या किल्लीने तिचं दार, तिच्या किल्लीने हिचं. कुठलीही किल्ली, कुठलंही कुलूप! इतके दिवस आम्ही ऐटीत कुलपं लावत होतो, आणि दारं सताड उघडीच होती म्हणायची. मी दुकानदाराच्या नावाने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. एकाच पेटीतली मागितली होती कुणी? पुरुष मंडळी म्हणाली, उद्याच बदलून आणा. त्यावर शेजारीण म्हणाली, "चोराक म्हायत नाय, आमका म्हायत आसा. बरा झाला!" कुलपं तीच राहिली, बाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरलं, आणि आश्चर्य म्हणजे कुणी सांगितलंही नाही.

गर्दी पांगल्यावर मी शेजारणीच्या चुलीवर चहा करून यांना गॅलरीत नेऊन दिला. ते कठड्याला टेकून बसले होते. मी शिव्या खायच्या तयारीने समोर बसले. "बोला काहीतरी," मी म्हटलं, "मीच कोंडलं तुम्हाला."

त्यांचा आवाज पार बसला होता. "जाग आली तेव्हा काही दिसत नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं तू पण आतच आहेस. मोरीत बघितलं. खाटेखाली हात घालून बघितलं. तू सापडत नव्हतीस, म्हणून दाराकडे गेलोच नाही."

मी चौकात पदर गरगरा फिरवत होते, आणि हा माणूस धुरात रांगत मला शोधत होता. मला लाज वाटली, आणि इतकं प्रेम दाटून आलं की मी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, हुंदके देऊन रडले.

त्यांनी चहा संपवला. "मोर्च्याला जा, सभेला जा," ते म्हणाले. "पण मला उठवून, सांगून जा."