व्हायरसनं दिलेलं आवतन

माझ्या मुलीच्या लग्नाचं पहिलं आवतन एका व्हायरसनं दिलं. मुलाकडचा होकार यायचा होता, मुहूर्त नव्हता, मंडपाचा पत्ता नव्हता. पण आंधळगावापासून पवनीपर्यंत आमंत्रणं मात्र पोचली होती!

आंधळगावात घराला लागूनच माझं कृषी केंद्र आहे. युरिया आला, धानाचं बियाणं आलं की मी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून सगळ्या शेतकऱ्यांना व्हॉट्सॲप करतो. त्या कॉम्प्युटरवर चांगले पैसे मोजून घेतलेला अँटीव्हायरस होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायचो, "याच्यात मच्छर बी घुसू शकत नाही!" (कीटकनाशकं विकणाऱ्याची जीभ. सवय जात नाही.)

एका दुपारी चिखल्याहून माझ्या मामेभावाचा, विलासचा मेसेज आला: 'घरच्या लग्नाला सहकुटुंब यायचं हं! पत्रिका सोबत जोडली आहे.' मी खुर्चीतून उठलोच! विलास खाणीत नोकरीला, पन्नाशीचा, आणि त्याच्या घरात विलास सोडून दुसरं माणूस नाही. म्हणजे लग्न त्याचंच! ज्याच्यासाठी पोरी पाहून पाहून अख्ख्या खानदानाच्या चपला झिजल्या, तो गडी गुपचूप बोहल्यावर!

पत्रिकेवर क्लिक केलं, तर अँटीव्हायरसनं लाल पाटी दाखवली: 'ही फाइल धोकादायक आहे. उघडू नका.' माझं डोकं फिरलं. आमच्याकडे आलेली पत्रिका न उघडता ठेवली तर सात पिढ्यांचं भांडण लागतं. अन् हा भाड्याचा चौकीदार मला शिकवतो? "लग्नाच्या पत्रिकेले धोका म्हनते! अपशकुनी कुठचा!" असं म्हणत मी अँटीव्हायरसच बंद केला आणि पत्रिका उघडली. काहीच दिसलं नाही. ना गणपती, ना नवरी. नवरी पाहिल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून आणखी चार वेळा उघडली.

थोड्या वेळानं शामराव दुकानात आले. "का गा भाऊ, पोरीचं लग्न जुळलं अन् तोंडानं सांगतलं बी नाही? मोबाइलवर पत्रिका पाठवली, ते उघडूनच नाही राहिली. म्हनून आलो पाहाले."

"कोनाची पत्रिका?"

"तुमच्या घरची! अजून कोनाची?"

त्यांच्यामागे आणखी सात-आठ जण, त्यांच्यामागे मंडपवाला टेप घेऊन. तो सरळ अंगण मोजायला लागला. घरी बायका लाटणं-पोळपाट घेऊन हजर, "पापड कधी लाटायचे?" तेवढ्यात आमची मंदा तणतणत दुकानात आली.

"काय जी, पल्लवीचं लग्न कोनासंग ठरवलं? मी माय आहो तिची, मले तरी सांगा!"

पल्लवी मागोमाग आली. तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इंटरनेटची वायर उपटली. "बाबा, व्हायरस आहे. विलासकाकांकडून आपल्याकडे आला, अन् आता आपल्याकडून सगळ्यांकडे गेला. पवनीला पण गेला असेल."

पवनी! मागच्याच रविवारी पवनीची मंडळी पल्लवीला पाहून गेली होती, आणि त्यांचा नंबर मी याच कॉम्प्युटरवर ठेवला होता. मुलगा नितीन, स्वभावानं शांत. पल्लवी काही बोलली नव्हती, पण फोन वाजला की अंगणात पळायची. बापाला कळतं हो! घरात आम्ही सगळे त्यांच्या होकाराची वाट पाहत होतो.

होकार आला नाही, फोन आला. नितीनचे वडील तापलेले.

"आमी अजून हो म्हनलं नाही, अन् तुमची पत्रिका आली! दुसरीकडं जुळलं असन तं तसं सांगा ना जी. आमच्या पोराले कायले लटकवून ठेवता?"

"नाही जी, ते मी नाही पाठवली. कॉम्प्युटरनं पाठवली."

"म्हंजे तुमच्या घरी पोरीचं लग्न कॉम्प्युटर ठरवते?" असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

पल्लवी आत जाऊन दार लावून बसली. मला रडू यायचं बाकी होतं. मी घाईनं अँटीव्हायरस पुन्हा सुरू केला, सगळा कॉम्प्युटर तपासायला लावला. त्यानं हिरवी पाटी दाखवली: 'काळजी नको. आपण सुरक्षित आहात.' म्हणजे व्हायरसनं आधी त्यालाच गुंडाळलं होतं!

तेवढं कमी म्हणून मोहाडीहून जवाईबापू आले, माझ्या बहिणीचे मालक. त्यांचा नंबर दुकानाच्या यादीत नव्हता. "साऱ्या तालुक्याले पत्रिका, अन् घरच्या जवायाले नाही?"

"बापू, ते पत्रिका नाही, व्हायरस होय. कॉम्प्युटरची वाट लावते."

"काई बी असो! मानाचा पयला व्हायरस आमाले पाहिजे होता!"

कोंबडीचा रस्सा खाऊ घातला तेव्हा कुठे ते शांत झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. पवनीची! नितीनचे वडील उतरले, मागे नितीन. मी हात जोडले, शिव्या खायची तयारी ठेवली.

"भाऊसाहेब," ते खाली मान घालून म्हणाले, "पत्रिका मी बी माह्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडली. आता माह्या साऱ्या पावन्यांले आमंत्रन गेलं! रातपासून लोक पेढे मांगून राहिले."

"लाल पाटी नव्हती आली?"

"आली ना! बंद केली मी. शुभकार्यात आडवी येते, अवदसा!"

मी त्यांना मिठीच मारली. पोरापोरीचे गुण मागाहून पाहता येतील, व्याह्याव्याह्यांचे छत्तीसच्या छत्तीस जुळले होते!

नितीन आणि पल्लवी कॉम्प्युटर साफ करायला दुकानात बसले. त्या कामाला किती वेळ लागतो देव जाणे, पण मंदानं तीनदा चहा नेला तरी ते संपेना. शेवटी पल्लवी बाहेर आली. "बाबा, मला पसंत आहे. नितीनलाही. फक्त तुम्ही दोघांनी यापुढे कशालाही हात लावायचा नाही." मंदानं डोळ्याला पदर लावला. मीही लावला असता, पण पदर एकच होता.

लग्न ठरलं. खरी पत्रिका मी मोठ्या हौसेनं सगळ्यांना मोबाइलवर पाठवली. एकानंही उघडली नाही! अर्ध्यांनी मला ब्लॉक केलं. मग छापील पत्रिका घेऊन भर उन्हात दारोदार फिरलो. शामरावांनी दारातच अडवलं.

"तुमी खरंच बोलावून राहिले का?"

"खरंच शामराव! मुलीचा बाप सांगतो आहे!"

"तसं नाही भाऊ. मंदावहिनीले फोन लावून द्या, त्यायनं सांगतलं तं येतो."

व्हायरसनं बोलावलं तेव्हा अख्खं गाव धावत आलं; मी बोलावलं तेव्हा त्याच गावानं जामीन मागितला!