आईने घेतलेले नाव
शिक्क्याच्या शाईचा वास आला की धारच्या कचेरीतली ती दुपार आठवते. वडील निवर्तल्यावर आईच्या निवृत्तिवेतनाचे शपथपत्र त्या दुपारच्या बसनेच देवासला पोहोचवायचे होते, अन्यथा निवृत्तिवेतन अडकणार होते. नोटरी म्हणाले, "माताजी, पति का नाम खुद बोलिए, तभी मुहर लगेगी." आयुष्यभर पतीचे नाव न उच्चारलेली आई माझ्याकडे वळली. "तूच सांग ना रे, मी कसं घेऊ?" "भिया, बेटे का बोला नहीं चलेगा," मला भाऊ म्हणत शेजारचा टंकलेखक हसला. बस सुटायची वेळ झाली होती. मी अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होतो. अखेर आईने पदर सावरला, हात जोडले आणि देवाचे घ्यावे तसे ते नाव घेतले. आज तर्पणात वडिलांचे नाव उच्चारताना मला तिचाच स्वर ऐकू येतो.