दुसरा ब्रेक

झेरॉक्सच्या मशीनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या कागदाला एक ऊब असते आणि किंचित करपट असा वास. कार्तिकातल्या त्या सकाळी परिवहन कार्यालयाबाहेरच्या टपरीसमोर, कोवळं ऊन पाठीवर घेत मी तसा एक कागद हातात धरून उभा होतो, आणि ऊन असूनही माझी बोटं गार पडली होती. कागदावर माझ्या मुलीचं, ऋतुजाचं नाव होतं. तिच्याकडे चारचाकी चालवण्याचा परवाना आठ वर्षांपासून आहे आणि तिच्या नावावर एकाही गुन्ह्याची नोंद नाही, असं त्यात शिक्क्यानिशी लिहिलं होतं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, तरीही इतका खोटा कागद मी आयुष्यात हाताळला नव्हता. तो मूळ पत्रासोबत फाइलमध्ये ठेवला आणि स्कूटर सुरू केली.

ऋतुजा गेल्या वर्षी कॅनडात गेली. तिथल्या तिच्या प्रांतात आपला परवाना बदलून घ्यायचा तर नवशिक्यापासून सुरुवात करावी लागते. वर्षभर शेजारी अनुभवी चालक असल्याशिवाय गाडी हाती घेता येत नाही. मात्र इकडच्या कार्यालयाचं पत्र दाखवलं, की ते वर्ष माफ होतं आणि थेट रस्त्यावरची परीक्षा देता येते. तिला शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती, तिथवर बस जात नाही, आणि वर्षभर शेजारी बसवायला त्या परमुलखात तिचं होतं तरी कोण? पत्र गेलं नाही तर नोकरी हातची जाणार होती. गेलं तर इथल्या जुन्या चार दिवसांच्या शिकवणीवर ती बर्फाळ रस्त्यावर एकटी उतरणार होती. तिचं अधिकारपत्र दाखवून मी ते पत्र मिळवलं खरं, पण मिळवल्या क्षणापासून माझ्या जिवाला घोर लागला होता.

कारण आठ वर्षांपूर्वीची ती परीक्षा मला लख्ख आठवते. वैशाखाचं ऊन, मैदानाच्या कडेला कडुलिंबाची विरळ सावली, तापलेल्या रबराचा दर्प, आणि रांगेत उभी असलेली मोटार ट्रेनिंग स्कूलची पांढरी गाडी. शिकवणाऱ्या वानखेडे मास्तरांना आदल्या दिवशी मीच गाठून म्हटलं होतं, पोरगी घाबरट आहे, जरा सांभाळून घ्या. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशीही क्लच आणि ब्रेक असतात. ऋतुजानं गाडी चढावर नेली, थांबवली, आणि तसूभरही मागे न घसरता अलगद पुढे काढली. लांबून पाहणाऱ्याला त्यात खोट काढता आली नसती. मी मात्र मास्तरांचा गुडघा हललेला पाहिला. घरी येताना पेढे घेतले आणि गल्लीभर वाटले.

त्यानंतर तिनं गाडी चालवली ती एकदाच, तीही माझ्या देखत. खाप्याला आमची थोडी शेती आहे, तिकडे निघालो होतो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता आणि ती स्वतःशीच काही गुणगुणत होती. कन्हान नदीच्या पुलाअलीकडे समोरून ट्रक आला. तो त्याच्या बाजूनंच येत होता, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. त्या क्षणी मी किंचाळलो आणि स्टिअरिंग हिसकावलं. गाडी शेतात उतरली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून गाडीची किल्ली माझ्या खिशात राहिली. मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या नोकरीवर ती कंपनीच्या बसनं जायची, पाहुण्यांकडे मी सोडायचो, आणि लोकांना कौतुकानं सांगायचो, की पोरीला उन्हातान्हात गाडी चालवू देत नाही. कागदावर तिचा अनुभव इकडे दर वर्षी वाढतच होता.

पत्र आणल्यावर मी मोबाइलमध्ये तिच्या गावचं हवामान पाहण्याचा नाद लावून घेतला. उणे सात, उणे अकरा. रस्त्यावर दिसतही नाही असा काचेसारखा बर्फाचा थर असतो म्हणे. माझ्या बायकोनं, सुनंदानं, दोन दिवस पाहिलं आणि मग विचारलं, पत्र अजून घरातच काहून आहे? तिला मी कुरिअरवाल्याला सुट्टी असल्याचं कारण सांगितलं, आणि घाबरून वानखेडे मास्तरांकडे गेलो. त्यांनी सांगावं, की नाही हो, पोरगी आपल्या बळावर पास झाली, एवढीच माझी आशा होती.

मास्तर आता थकले आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सर, चढावर पाय माह्याच होता. तुमीच तं म्हणले होते, सांभाळून घेजा."

मग त्यांनी सांगितलं, की तिला अजून आठ दिवस दिले असते तर ती शिकली असती. हात चांगला होता तिचा.

हे ऐकल्यावर मात्र राहवेना. त्याच संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, मी ऋतुजाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, मास्तरांच्या गुडघ्यासकट. पत्र मी पाठवत नाही, असंही म्हणालो.

"बाबा, मले तेव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "माझा पाय क्लचवरच होता, अन् क्लच आपोआप हलून राहिला होता."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"तुम्ही पेढे वाटून राहिले होते. कशी सांगू?"

मग ती सांगत गेली. दोन आठवडे झाले, तिनं तिथे शिकवणी लावली आहे. गाडीत क्लचच नसतो, रस्ते रुंद आहेत, लोक शिस्तीचे आहेत. पण तिथला शिक्षक एकाच गोष्टीवरून रोज टोकतो, ब्रेक दाबायच्या आधी ती दरवेळी शेजारच्या सीटकडे पाहते. "मी वाट पाहते बाबा, दुसऱ्या कोणी ब्रेक दाबायची." हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, म्हणूनच ते मला सोसलं नाही. बर्फाला, ट्रकला, परक्या रस्त्याला मी भीत आलो. तिच्या जिवाला खरा धोका त्या अर्ध्या क्षणात होता, आणि तो माझ्या लाडानं तिथे आणून ठेवला होता.

फोन ठेवताना ती म्हणाली, "पत्र पाठवा. वापरायचं का नाही, ते मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या काउंटरवर मी पाकीट पुढे केलं. पोचायला आठ-दहा दिवस लागतील, तिथली बाई म्हणाली, आणि पाकीट घ्यायला तिनं हात लांबवला. तिनं दोनदा हलकेच ओढलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दुसरं टोक मी अजून सोडलेलंच नाही.