काहून नाही, का

नरखेडच्या बस स्टँडवर सासूबाईंनी खिडकीतून गार्गीचा हात धरला आणि मला बजावलं, "पोरीले इंग्लिश शाळेतच टाकजो वं. आपल्यासारखी नोको राहू देऊ." संत्र्याची बाग दिरांवर सोपवून आम्ही नागपूरला निघालो ते तिच्या शाळेसाठीच. पोरगी तेव्हा चार वर्षांची होती.

दिवाळीपासून नरखेडहून तुम्ही सगळे फोनवर विचारता, गार्गी बोलत काहून नाही? म्हणून हे लिहिते आहे. आमच्यासारख्या गाव सोडून आलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्यांच्याही घरी हेच चाललंय.

खोली मिळाली नंदनवनला, शाळा पार प्रताप नगरला. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'द्विभाषिक बालवाडी'. इंग्रजी आणि मराठी. मी मनात म्हटलं, चला, अर्धं तर आपल्याला येतंच. किती खुळी मी!

पहिल्याच पालकसभेत मॅडम म्हणाल्या, "गार्गी प्रश्नच विचारत नाही. जरा मागे आहे."

मला हसूच आलं. घरी ही पोरगी दिवसभर माझं डोकं खाते. नळ काहून गेला, पाल उलटी काहून चालते, बाबा काहून घोरते. मी तसं सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, "तेच तर! 'काहून' नाही हो, 'का' म्हणायचं. मी दुरुस्त करते, मुलं हसतात, मग ती गप्प बसते. तुम्ही घरी शुद्ध बोलत जा."

तिच्याच बाकावरचा फ्लॅटवाल्यांचा मुलगा "मॅडम, मेरा वॉटर बॉटल ओपन करून द्या ना" म्हणतो, तर त्याचं केवढं कौतुक! तीन भाषांची खिचडी करणारा हुशार, आणि घरून एक धड बोली घेऊन आलेली आमची पोरगी मागे. माझं टाळकं सटकलं होतं. पण पोरीला त्याच वर्गात बसायचं होतं, म्हणून राग गिळला.

निघताना मॅडमचा फोन वाजला. "हो वं माय, निंगूनच राहिली ना मी," त्या म्हणाल्या. मग मी दिसले आणि त्यांनी आवाज खाली नेला. त्यांचा राग करावा की कीव, मला कळेना. त्यांनाही कधीतरी कोणी असंच दुरुस्त केलं असणार.

मग मी घरी शुद्ध बोलू लागले. गार्गी 'का' म्हणायला शिकली, आणि विचारायचंच विसरली. शाळेच्या मते ही प्रगती.

दिवाळीत गावी सासूबाईंनी तिला मांडीवर ओढलं. "काहून वं, आजीवर रुसली का?" ती मांडीवरून उतरली. माझ्या कानाशी येऊन तिनं हळूच विचारलं, "आई, इथे कोणतं बोलायचं?"

घर म्हणजे जिथं तोंड उघडण्याआधी हे विचारावं लागत नाही, असं मी समजत होते. माझ्या पोरीला तसं घर आता नागपुरात नाही आणि तुमच्यापाशीही नाही. तिला जवळ घेऊन म्हटलं, "तुले येते तसं बोल ना वं."

"तुले नाही, आई," ती म्हणाली. "तुला."